परकी कीड व आपले स्वदेशी भक्षक

शेतात एखादी अनोळखी कीड दिसली म्हणजे शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो औषधाचा. तो स्वाभाविक आहे; कारण उभे पीक डोळ्यांदेखत जात असता थांबून पाहण्याचे धैर्य सर्वांस होत नाही. तथापि परमुलखातून आलेल्या किडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शेतात घडत असते. आपल्या मातीतले भक्षक किडे, पक्षी व बुरशा त्या नव्या किडीवर हळूहळू उपजीविका करू लागतात. हे कसे घडते, व त्यात आपण कोठे आडवे येतो, हे येथे सांगावयाचे आहे.

परकी कीड प्रथम इतकी का माजते? तिच्या मूळ देशात तिला खाणारे शत्रू पिढ्यानपिढ्या तिच्या मागे असतात. रोपांबरोबर, मालाबरोबर अगर वाऱ्याबरोबर ती इकडे येते, ती बहुधा एकटीच. खावयास पीक भरपूर आणि मागे लागणारा कोणी नाही, अशा स्थितीत तिची प्रजा वाढावी यात नवल नाही. परंतु ही स्थिती कायम राहत नाही. आपल्याकडील भक्षकांत दोन प्रकार आहेत. काही एकाच जातीच्या किडीवर जगतात. त्यांचा नव्या किडीवर सहसा उपाय चालत नाही. दुसरे मिळेल ते मऊ भक्ष्य खाणारे, किंवा सारख्या सवयीच्या अनेक अळ्यांवर जगणारे. नव्या किडीकडे प्रथम वळतात ते हे दुसरे.

कपाशीवरील पिठ्या ढेकणाचे उदाहरण घेऊ. फेनाकोकस सोलेनोप्सिस नावाची ही जात मूळची अमेरिकेतील. इ. स. २००५ नंतरच्या दोनतीन वर्षांत तिने गुजरात, पंजाब व महाराष्ट्र येथील पऱ्हाटीवर ठाण मांडले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने त्या सुमारास नऊ कापूसउत्पादक राज्यांत केलेल्या पाहणीत हीच जात मुख्य असल्याचे आढळले. आता, अंबाडीवर व कपाशीवर पडणारा जुना पिठ्या ढेकूण आपल्याकडे पूर्वीपासून होताच. त्यास खाणारे ढालकिडे व क्रायसोपाच्या अळ्या यांना नवा ढेकूण म्हणजे ओळखीच्याच जातीचे भक्ष्य. ते त्यावर तुटून पडू लागले.

येथे एक चूक फार वेळा होते. काही लहान ढालकिड्यांच्या अळ्यांच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके असतात. त्या ढेकणांत बसलेल्या असता ढेकणासारख्याच दिसतात, आणि शेतकरी त्यांनाही कीड समजून मारतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. काडीने हळूच डिवचावे. ढेकूण जागचा फारसा हलत नाही. अळी मात्र लगबगीने चालू लागते. पपईवरील पिठ्या ढेकूण इ. स. २००८ मध्ये कोइमतूरकडे प्रथम दिसला. त्यासही आपल्या देशातील स्पाल्गिस नावाच्या फुलपाखराची अळी खाऊ लागली. तीही ढेकणाचेच पांढरे पीठ अंगावर घेऊन त्यांच्यात वावरते.

प्रत्येक साह्यकर्ता मात्र स्वदेशी नसतो, हेही सांगितले पाहिजे. कपाशीच्या ढेकणाचे शरीर पोखरणारी एनासियस नावाची बारीक परोपजीवी माशी इ. स. २००८ च्या सुमारास आपल्या शेतांत आढळली. ती अमेरिकेतीलच असून किडीच्या मागोमाग आली असावी. तिने पछाडलेला ढेकूण फुगून तपकिरी व कठीण होतो. असे तपकिरी दाणे झाडावर दिसले तर ती शुभ खूण समजावी.

दुसरे उदाहरण अधिक ताजे आहे. अमेरिकन लष्करी अळी इ. स. २०१६ मध्ये आफ्रिकेत व मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याजवळ मक्यावर सापडली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखी उलटी खूण व शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके, ही तिची ओळख. मक्याच्या पोंग्यात शिरून ती पाने कुरतडते, ज्वारीवरही येते. पण पहिल्याच हंगामात बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्थेच्या संशोधकांस तिच्यावर आपल्याकडील अनेक शत्रू आढळले. त्यांतील कॅम्पोलेटिस ही माशी तर हरभऱ्यावरील घाटे अळीची जुनी वैरीण. ती लहान अळीच्या शरीरात अंडे घालते व अळी मोठी होण्यापूर्वीच मरते. सोयाबीनवरील अळ्यांना दमट हवेत मारणारी बुरशीही या अळीस लागते. अशी अळी ताठ होऊन पानास चिकटते, प्रथम पांढरी व मग हिरवट दिसते. पक्ष्यांपैकी कोतवाल व साळुंकी अळ्या टिपतातच.

मग आपण आडवे कोठे येतो? कीड आल्याबरोबर जालीम औषध सर्व शेतावर उडविले, तर कीड व तिचे शत्रू दोन्ही मरतात. पण कीड लवकर परतते. तिला अंडी घालण्यास पीक तयार असते. भक्षक मात्र कीड वाढल्यावरच वाढतात, म्हणून ते मागाहून येतात. मधल्या काळात दुसरी फवारणी, मग तिसरी. या चक्राची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. इ. स. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसे दगावली, हे वऱ्हाडातील शेतकऱ्याने विसरता कामा नये.

भक्षक सर्वच काम करतील असे आमचे म्हणणे नाही. शेंदरी बोंडअळी बोंडाच्या आत असते; तेथे ढालकिडा पोहोचत नाही. लष्करी अळीची नुकसानी फार वाढली असता औषध घ्यावेच लागेल. आमचे सांगणे इतकेच की, ते शेवटी घ्यावे. आठवड्यातून एकदा शेताच्या चार बाजूंची व मध्यावरची झाडे पाहून किडीबरोबर तिच्या शत्रूंचीही मोजदाद ठेवावी. ढेकूण दोनचार झाडांवर असता तेवढेच शेंडे तोडून नष्ट करावेत व पाच टक्के निंबोळी अर्क तेवढ्याच भागावर मारावा. बांधावरील गाजरगवत व पेटारी फुलोऱ्यापूर्वी काढावी, कारण ढेकूण तेथे दडून राहतो. मुंग्या ढेकणाचा गोड चिकटा खातात व ढालकिड्यांना हुसकावतात. मुंग्यांची रांग दिसली की ढेकूण जवळच आहे असे समजावे. मक्यावरील अंड्यांचे पुंजके हातांनी गोळा करावेत. पक्ष्यांना बसण्यासाठी काठीला आडवी काडी बांधून थांबे रोवावेत. औषधाची वेळ आलीच, तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा व अंग झाकूनच फवारणी करावी.

नवी कीड उद्याही येईल. तिला सीमेवर कोणी थोपवू शकत नाही. ती आली असता आपल्या शेतात तिला तोंड देणारे कोणी जिवंत आहे की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्याच हाती आहे.