समोर नसतांनाचीं माणसें

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं आपल्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत मलाहि ओढून घेतलें. निवृत्त शिक्षकास अशा वेळीं जरा बरेंच वाटतें. परंतु पहिल्या आठवड्यांतच मी बुचकळ्यांत पडलों. वर्गांत नांव विचारलें तरी जमिनीकडे पाहून उत्तर देणारा एक मुलगा, आतां चाळिशी ओलांडलेला, तेथें असे मिस्किल चुटके लिहीत होता कीं, त्याच्या नांवावर दुसराच कोणी लिहीत असावा अशी मला शंका आली. उलटपक्षीं, ज्याच्या विनयाचा दाखला आम्ही इतरांस देत असूं, तो दुसरा एक गृहस्थ जरा मतभेद होतांच प्रतिपक्षावर असा तुटून पडे कीं, चष्मा पुसून नांव पुन्हा वाचावें लागे. पुढें दोघेहि मला प्रत्यक्ष भेटले. पहिला पूर्वींसारखाच खालीं पाहून बोलला. दुसरा वांकून पायां पडला.

मग ह्या दोन दोन रूपांपैकीं खरें कोणतें?

पडद्यावरचें रूप म्हणजे मुखवटा, असें म्हणून हा प्रश्न निकालांत काढण्याची आपली पद्धत आहे. परंतु मुखवटा ही कांहीं आजची वस्तु नव्हे. राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) नाटकें स्वतःच्या नांवानें लिहीत, कविता ‘गोविंदाग्रज’ ह्या नांवानें, आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ होऊन. ह्या तिघांपैकीं खरे गडकरी कोणते, असें आपण कधीं विचारीत नाहीं. एकाच माणसाच्या अंगीं अनेक स्वभाव नांदतात, आणि ज्यास जशी जागा मिळेल तसा तो बाहेर येतो, हें आपण मनोमन जाणतों. फरक एवढाच कीं, बाळकरामाचा लेख संपादक, जुळारी आणि मुद्रितें तपासणारा ह्यांच्या हातांखालून वाचकापर्यंत जाई. आज राग आणि जग ह्यांच्यामध्यें एक अंगठा काय तो उरला आहे.

ह्या विषयाची शास्त्रीय मीमांसा जॉन सुलर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००४ मध्यें केली. एरवीं मनुष्य स्वतःस जो आवर घालतो, तो संगणकापुढें सैल पडतो, असें त्यांचें म्हणणें. आपण त्यास ‘संयमशैथिल्य’ म्हणूं. त्याचीं कारणें त्यांनीं सहा सांगितलीं आहेत. नांव लपवितां येतें, शरीर दिसत नाहीं, उत्तर तत्काळ ऐकावें लागत नाहीं, हीं तर कोणाच्याहि ध्यानीं येतील. वडीलधारेपण पुसट होतें, हेंहि उघड आहे. मुख्याध्यापकाचीं अक्षरें शिपायाच्या अक्षरांहून मोठीं उमटत नाहींत. हा सारा खेळच आहे असा भास होतो, हें आणखी एक. परंतु मला सर्वांत मार्मिक वाटलें तें निराळेंच. लेखी मजकूर आपण मनांत आपल्याच आवाजांत वाचतों; म्हणून लिहिणारा हळूहळू आपल्याच मनांतील एक पात्र बनतो. आणि मनांतल्या पात्राशीं आपण किती निर्दयपणें भांडतों, हें रात्रीं झोंप न येणाऱ्या माणसास सांगावयास नको!

हें शैथिल्य विषारी असतें तसेंच सौम्यहि असतें, असें सुलर सांगतात. त्याच्याच जोरावर लाजाळू मनुष्य आपलें दुःख बोलून दाखवितो, अनोळखी माणसास धीर देतो. त्यांतून ‘खरा’ माणूस उघडा पडतो, हें मात्र त्यांस मान्य नाहीं. स्वभावाची एक निराळी बाजू पुढें येते, इतकेंच.

नांव लपविण्यावर सारा दोष टाकण्याचीहि घाई करूं नये. दक्षिण कोरियानें २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर अभिप्राय लिहिणाऱ्यांस ओळख पटवून देण्याची सक्ती केली. २०१२ मध्यें तेथील घटना-न्यायालयानें ती रद्द ठरविली. बेकायदा मजकूर त्या सक्तीनें म्हणण्यासारखा घटलेला दिसत नाहीं, हें त्याचें एक कारण होतें. त्याच वर्षीं नोआम लापिडोट-लेफ्लर आणि आझी बराक ह्या इस्रायली संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १४२ जणांच्या जोड्या लावून संगणकावरून त्यांच्यांत वाद घडविला. कोणाचें नांव उघड ठेवलें, कोणाचें झांकलें. कोणास कॅमेऱ्यांतून एकमेकांच्या डोळ्यांत पाहावयास लावलें, कोणास नाहीं. कडवट भाषेचें सर्वांत मोठें कारण ठरलें तें डोळ्यास डोळा न भिडणें. नांव झांकण्याचा परिणाम त्या मानानें थोडा.

हें मी केवळ पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाहीं. मराठी शाळांच्या पटसंख्येवरून आमच्या त्याच ग्रुपांत एकदां वाद पेटला, आणि ज्यांच्याबरोबर तीस वर्षें एका टेबलाशीं चहा घेतला, त्या माझ्या सहकाऱ्यांस मीं लिहिलें, “आपण तरी जन्मभर घोकंपट्टीखेरीज काय शिकविलेंत?” शिक्षकांच्या खोलींत हें वाक्य माझ्या तोंडून कधींहि निघालें नसतें. त्यांनीं उत्तरादाखल केवळ हात जोडल्याचें चित्र धाडलें. तें नमस्काराचें कीं निरोपाचें, मला कळेना. चौथ्या दिवशीं वाक्य पुसावयास गेलों, तों त्याची मुदत टळलेली. क्षमेचा मजकूर दोनदां लिहिला आणि दोनदां खोडला. वाचून पाहतां तोहि वादाचाच पुढचा भाग वाटे. शेवटीं टेलिफोन केला. पलीकडून प्रथम त्यांचा ओळखीचा खोकला ऐकूं आला, आणि पाठ केलेलें सर्व मी विसरून गेलों.

“मास्तर,” ते म्हणाले, “संध्याकाळीं घरीं या. घोकंपट्टीवर माझें म्हणणें अजून सांगावयाचें राहिलें आहे.”