स्वमग्न कोण, तो की आपण?

ऑटिझमला आपण मराठीत 'स्वमग्नता' म्हणतो. म्हणजे स्वतःतच बुडालेला. शब्दातच निकाल लागला की! बोलणं जुळलं नाही तर चूक त्याचीच.

माझा भाचा तेरा वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. मध्यंतरी आम्ही दोघं आष्ट्याच्या एसटी स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत होतो. ओळखीचे एक काका भेटले. "काय पाव्हणं, इकडं कुठं?" हा म्हणाला, "स्टँडवर." काकांचा चेहरा पडला. पोरगं उद्धट आहे, असं त्यांना वाटलं असणार. ते गेल्यावर यानं मला विचारलं, "मामा, त्यांना दिसत होतं की. मग विचारलं कशाला?"

आता सांगा, कोणाला कोण कळलं नाही?

ब्रिटनमधले संशोधक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं, की ही अडचण दोन्हीकडून असते. ऑटिस्टिक माणसाला आपण उमगत नाही, तसा आपल्यालाही तो उमगत नाही. याला 'डबल एम्पथी प्रॉब्लेम' म्हणतात.

पुढं २०२० मध्ये एडिंबराच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आपल्या कानगोष्टींसारखाच. आठ-आठ जणांच्या साखळ्या, एकूण ७२ माणसं. एकानं ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत जास्त गळाली. २०२५ मध्ये ३११ जणांवर हाच प्रयोग झाला, तेव्हा मिश्र साखळीही मागं पडली नाही. म्हणजे माहिती पोचवण्यात ऑटिस्टिक माणसं दोन्ही वेळा कमी पडली नाहीत.

मग अडतं कुठं? नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात याचा एक धागा सापडतो. ऑटिस्टिक माणसांना काही सेकंद बघून किंवा ऐकून लोकांचं मत वाईट झालं. पण त्यांचं तेच बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं, तेव्हा हा फरक उरला नाही.

तुम्ही हा भाग ऐकत नाही, वाचताय. म्हणून एकदा वर जाऊन भाच्याचं उत्तर परत वाचा. 'इकडं कुठं?' 'स्टँडवर.' त्यात उद्धट काय आहे?

आता मी त्याला सरळ विचारतो, "कुठं निघालास?" तोही सरळ सांगतो. निम्मं अंतर आपण चालायचं, एवढंच.

भेटू पुढच्या भागात.