संगणकाची वीज ग्राफिक्स कार्डास पुरेल काय?

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण घरखर्चास जितकी लागू आहे, तितकीच ती संगणकासही लागू आहे. आमच्या एका वर्गबंधूनें वर्षभर सांठविलेल्या पैशांतून ग्राफिक्स कार्ड विकत घेतलें. संगणक सुरू झाला. परंतु खेळ रंगांत येतांच तो एकाएकीं बंद पडूं लागला. त्यानें कार्डास दोष दिला. वस्तुतः उणीव होती ती एस्. एम्. पी. एस्.ची, म्हणजे कॅबिनेटमधील वीज पुरविणाऱ्या पेटीची. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ असें छापलेलें होतें, व तेवढ्यावरच त्यानें भिस्त ठेविली होती.

ही पेटी घरांतील वीज घेऊन ती मुख्यतः ३.३, ५ व १२ व्होल्ट अशा तीन दाबांनीं संगणकास देते. कार्ड व प्रोसेसर यांचा जवळजवळ सर्व भार १२ व्होल्टांवर पडतो. म्हणून ठळक आंकडा न पाहतां पेटीच्या बाजूस असलेल्या कोष्टकांतील १२ व्होल्टांचें सदर वाचावें. व्होल्टांस अँपियरांनीं गुणिलें असतां वॅट येतात, हें आपण पदार्थविज्ञानांत शिकलों आहों. आमच्या मित्राच्या पेटीवर तेथें २५ अँपियर लिहिले होते; म्हणजे १२ × २५ = ३०० वॅट. ही झाली जमेची बाजू.

आतां खर्चाची बाजू पाहूं. त्याचें कार्ड २०२१ सालीं निघालेलें आर्. टी. एक्स्. ३०६०, त्यास १७० वॅट लागतात. कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर अधिकांत अधिक ११७ वॅट घेतो. मदरबोर्ड, पंखे व डिस्क यांस अजमासें ५० वॅट धरावे. एकूण ३३७ वॅट! जमा ३०० व खर्च ३३७, मग संगणक बंद पडला यांत नवल तें काय? शिवाय अशीं कार्डें क्षणमात्र नेमल्या मानाहून पुष्कळ अधिक वीज ओढतात. यास्तव कांहीं शिल्लक अवश्य ठेवावी. म्हणूनच निर्मात्यानें ह्या कार्डास ५५० वॅटांची पेटी सुचविली आहे.

दुसरी गोष्ट जोडणीची. कार्डास मदरबोर्डाच्या खांचेंतून ७५ वॅट, सहा पिनांच्या केबलींतून ७५ व आठ पिनांच्या केबलींतून १५० वॅट मिळूं शकतात. योग्य केबल नसल्यास साटा-प्लगाचें स्वस्त कन्व्हर्टर लावूं नये. त्या प्लगाची १२ व्होल्टांवरील मर्यादा अवघी ५४ वॅट असल्यानें तो वितळण्याचें भय असतें. प्रोसेसराची आठ पिनांची केबल दिसावयास तशीच असली, तरी तिच्यांतील तारांची मांडणी उलट असते. ती बळें कार्डांत खुपसूं नये. तसेंच एका पेटीच्या सुट्या केबली दुसऱ्या पेटीस जोडूं नयेत.

नवी पेटी घेण्याइतकी ऐपत नसेल, तर कमी वीज खाणारें कार्ड निवडावें. २०१९ सालच्या जी. टी. एक्स्. १६५० ह्या कार्डास ७५ वॅट पुरतात, व त्याचे कित्येक नमुने केवळ खांचेंतील विजेवर चालतात.

विद्यार्थिमित्रहो, एक गुणाकार व एक बेरीज एवढेंच हें काम. तें दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं केलें, तर वर्षभराची पुंजी वांया जाणार नाहीं; आणि वर्गांत शिकलेलें गणित कोठें उपयोगीं पडतें, हेंही कळून येईल.