वादाचीही एक तालीम होती

२००५ साली महाराष्ट्र केसरी इंदापूरला झाली आणि २००६ साली बारामतीला. इंदापुरात सईद चाऊसने गदा उचलली, बारामतीत अमोल बुचडेने. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात लागोपाठ दोन वर्षं राज्यातली सगळ्यात मोठी कुस्ती आली, त्याला आता दोन दशकं झाली. कुणी सत्कार ठेवला नाही, कुणी फलक लावला नाही. मला तरी ते सगळं आठवलं ते अहिल्यानगरच्या प्रकारामुळे.

२ फेब्रुवारी २०२५. तिथल्या महाराष्ट्र केसरीत गादी विभागात शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांची लढत. पंचांनी राक्षेची पाठ टेकल्याचा निकाल दिला. राक्षेचं म्हणणं, खांदे लागलेच नाहीत, चित्रण बघा. मग त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच संध्याकाळी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणाच्या वादावरून मैदान सोडून गेला आणि गदा मोहोळकडे आली. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी. त्या वेळी राज्याचे क्रीडामंत्री होते आमच्या इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर कुस्तीवर चार वाक्यंसुद्धा झाली नाहीत. पंच कुणाचा, कुस्तीगीर परिषद कुणाची, मंत्री काय बोलले आणि काय नाही बोलले, एवढंच. मोहोळने कुठला डाव टाकला होता, हे मी पाच-सहा जणांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. मला ते लागलं.

जुन्या काळात मी फार रमत नाही. १९६१ ला औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, मग चंबा मुत्नाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार यांनी दोनदोनदा मान मिळवला. १९७७ ला बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला अस्मान दाखवलं. हे सगळं आमच्या वडिलांच्या पिढीचं. त्यांनी ते इतक्यांदा सांगितलं की बिराजदार म्हटलं की आम्ही पोरं उठून जायचो. पुढची वीस-बावीस वर्षं तर मला एका ओळीत आटोपतात: नावं आली, गेली, आणि सोलापूरच्या एकाच घरातल्या इस्माईल, आप्पालाल आणि मुन्नालाल शेख या भावांनी १९८०, १९९२ आणि २००२ अशा तीन गदा मिळवल्या, तेवढं लक्षात राहिलं.

आमचं दशक सुरू झालं ते इंदापूरपासून.

तेव्हा आमच्याकडे कुस्तीवर बोलणारी माणसं होती. बहुतेकांच्या अंगाला कधी ना कधी लाल माती लागलेली. कुणी कारखान्यात कामाला, कुणाची पानाची बाग, कुणी नुसताच यात्रांच्या फडांवर फिरणारा. पैलवान कपडे काढून उभा राहिला की यांची तपासणी सुरू. मान किती भरली, मांडी सुटली आहे का, तिसऱ्या मिनिटाला तोंडाने श्वास घेतो का, वस्ताद कोण. इंदापूरला चाऊसच्या कुस्तीनंतर आणि बारामतीला बुचडेच्या कुस्तीनंतर वाद झाले, तेही असेच. दोघं एकमेकांवर सुटले तर काय होईल, यावर एका माणसाने घिस्सा आणि भारंदाज चहाच्या टेबलावर हाताने करून दाखवले, आणि समोरच्याने कप बाजूला घेऊन त्यावरचा तोड दाखवला. बारामतीकर म्हणायचे नियोजन आमचं, इंदापूरकर म्हणायचे गर्दी आमची. तो भाग सोडून द्या, तसा वाद आम्ही उसाच्या दरावरूनही घालतो.

भाकितं तर रोजची. यात्रेत लहान गटात एखादं पोरगं ढाक मारून पाठ लावायचं, की लगेच कुणीतरी म्हणणार, हा पाच वर्षांत गदा मारतो. बहुतेक भाकितं फुकट गेली आणि त्याची कारणंही त्याच माणसांना ठाऊक होती. खुराक. दूध, तूप, बदाम, मटण हे दोन-तीन एकरांच्या घराला किती वर्षं झेपणार? पोरगं वीस-एकवीसचं झालं की घरचे पोलीस भरतीचा अर्ज आणून ठेवायचे. नाहीतर गुडघा जायचा. आमच्याकडचे किती होणारे महाराष्ट्र केसरी आज कारखान्याच्या गेटवर पट्टा लावून उभे आहेत, ते त्या गेटवर जाऊनच बघावं.

त्याच वर्षांत गादीवरच्या नियमांनी वैताग आणला होता. दोन-दोन मिनिटांचे तीन डाव, त्यातले दोन जिंकायचे. गुण झालाच नाही तर पिशवीतून चेंडू काढायचा, ज्याचा रंग निघेल त्याला समोरच्याचा पाय धरायला मिळायचा. वर्षभर जोर-बैठका मारून शेवटी चेंडूवर भिस्त! आमच्याकडची जुनी मंडळी याला सरळ मटका म्हणत. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीच वगळायची शिफारस केली, तेव्हा कुठे जागतिक संघटनेला जाग आली. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि एकूण गुण असा कारभार आला आणि सप्टेंबरमध्ये कुस्ती ऑलिंपिकमध्ये टिकली.

या दशकातला सगळ्यात कडू वाद चंद्रहार पाटलांचा. भाळवणीचा हा गडी २००७ आणि २००८ ला महाराष्ट्र केसरी झाला. तिसरी गदा तोवर कुणीच घेतली नव्हती. २००९ ला गदा विकी बनकरकडे गेली. आपल्यावर अन्याय झाला, असं चंद्रहार आजही म्हणतात. अहिल्यानगरनंतर तर त्यांनी दोन्ही गदा परत करायची भाषा केली. २००९ ला त्यांना रडका म्हणणारी माणसं आमच्या चौकात होती आणि मी त्यांच्याशी भांडलो होतो. पंचाचा निकाल मानायचा हे बरोबर, पण निकालावर दाद मागायची नीट सोय ठेवायची नाही आणि मग पैलवानाला खिलाडूवृत्तीचे धडे द्यायचे, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. ती सोय २००९ नंतर धड उभी केली असती तर २०२५ ला लाथ उचलली गेली असती का?

दुसरा हिशेब नरसिंग यादवचा. २०११, २०१२, २०१३, सलग तीन गदा, असा पहिलाच माणूस. त्यावर आमच्याकडचे शहाणे काय म्हणाले? हा आपला नव्हे, उत्तरेतला. जोगेश्वरीत राहून, कांदिवलीत घाम गाळून, महाराष्ट्र पोलिसांत नोकरी करणारा माणूस आपला नव्हे! आणि ही गदा त्याने घेतली ती खुल्या गटात, ऑलिंपिक ७४ किलोत खेळणाऱ्या पैलवानाने. हे बोलणाऱ्यांना २०१५ ला तो लास वेगासमध्ये जागतिक ब्राँझ जिंकून रिओची जागा घेऊन आला, तेव्हा मात्र तो एकदम मराठी वाटायला लागला. मग सुशीलकुमार. दोन ऑलिंपिक पदकांचा मालक चाचणी मागत दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि हरला. ते दोन महिने आमच्या चौकात जे वाद झाले तसे पुन्हा झाले नाहीत. जागा ज्याने मिळवली त्याची, की त्या दिवशी जो भारी त्याची? दोन्ही बाजूंना दम होता. पुढे नरसिंगची उत्तेजकाची चाचणी, नाडा या उत्तेजकविरोधी संस्थेने दिलेली सुटका, आणि ऐन रिओत क्रीडा लवादाने घातलेली चार वर्षांची बंदी. त्याच्या अन्नात कुणी काही मिसळलं की नाही, यावर आमच्याकडे कुणाचंही मत बदललं नाही. पण त्या दिवसापासून बोलणं डावावरून कारस्थानावर गेलं, ते गेलंच.

त्यानंतरचं मी भरभर सांगतो. विजय चौधरीनेही २०१४ ते २०१६ तीन गदा घेतल्या. २०१७ ला भूगावात अभिजित कटके आणि किरण भगत, ही शेवटची जोड जिच्यावर आम्ही जुन्या पद्धतीने भांडलो. २०१८ ला बाला रफिक, भीमेपलीकडच्या करमाळ्याचा, खेळला बुलढाण्याकडून. मग जानेवारी २०२३ मध्ये सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड, बाहेरची टांग आणि त्यावर महेंद्रला दिलेले चार गुण. त्या कुस्तीच्या चित्रणाचा एक तुकडा मोबाइलवर फिरला आणि ज्यांनी आयुष्यात लंगोट बांधला नाही ते पंच झाले. सिकंदरचा धर्म काढला गेला, पंचाला धमक्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावात सिकंदरने राक्षेला मिनिटाच्या आत चितपट करून गदा घेतली. उत्तर मातीतला माणूस देतो तसं दिलं, पण तुकडे फिरवणाऱ्यांनी तोवर विषय बदलला होता.

आणि आता तर गदाच दोन. २०२२ ला भारतीय महासंघाने राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली, तेव्हापासून दोन चुली. अहिल्यानगरनंतर दोन महिन्यांच्या आत त्याच जिल्ह्यात कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी भरली, भरवली आमच्या बारामतीच्याच रोहित पवारांनी, आणि वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. मोहोळ आणि शेळके दोघंही पैलवान म्हणून खरे आहेत. त्यांची एकमेकांशी कुस्ती लावा, असं कुणी पुढाऱ्याने म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. पूर्वी जोड पैलवानांची लागायची, आता पदाधिकाऱ्यांची लागते. बक्षिसाला थार गाडी आली हे चांगलंच, पैलवानाला पैसा मिळालाच पाहिजे. पण गाडीचं मॉडेल पाठ असलेल्या प्रेक्षकाला एकलांगी ओळखता येत नाही.

माझा सगळ्यात जुना राग मात्र गदेवरच आहे. खुला गट म्हणजे ८६ ते १२५ किलो. त्याखालच्या वजनावर राहणाऱ्या माणसाला महाराष्ट्र केसरी होताच येत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं ते ५७ किलोपर्यंतच्या गटात. पाटोद्याचा राहुल आवारे, बिराजदारांच्या आणि मग काका पवारांच्या हाताखालचा, २०१८ ला राष्ट्रकुलचं सुवर्ण आणि २०१९ ला नूर-सुलतानला जागतिक ब्राँझ घेऊन आला. ५७ आणि ६१ किलो. आमच्या दशकातला राज्यातला सगळ्यात तांत्रिक पैलवान कोण, असं विचारलं तर मी डोळे मिटून त्याचं नाव घेईन. चौकात त्याच्यावर वाद झाला तो फार तर दोन-तीनदा. गदा नाही तर चर्चा नाही. आमच्या यात्रांमध्येही तेच: ५७ किलोची पोरं दुपारी तीनच्या उन्हात लागतात, मंडपात वाढपी आणि हलगीवाले एवढेच असतात, पुढारी, पाहुणे आणि गर्दी येते सहानंतर, मोठ्या जोडीला. यंदा पंचकमिटीला मी एवढंच सांगितलं की लहान गटाच्या शेवटच्या दोन कुस्त्या मोठ्या जोडीच्या आधी घ्या. विचार करतो म्हणाले. पत्रिका छापून आली तेव्हा वेळ तीच होती, दुपारी तीन.