मतपेटी आणि देहान्त शासन



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे एकत्र जमतो, त्यांना प्रथम अभिवादन करतो आणि विषयाकडे वळतो.

शालेय वादविवाद स्पर्धांतील काही विषय पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. ‘फाशीची शिक्षा असावी की नसावी’ हा त्यांपैकी एक. परीक्षक या नात्याने या विषयावरील दोन्ही बाजूंची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. एक बाजू जरब, न्याय आणि मृताच्या आप्तांचे दुःख पुढे करते. दुसरी बाजू माणुसकी, सुधारणेची शक्यता आणि न्यायदानातील चूक यांचा आधार घेते. दोन्ही बाजूंत तथ्य असते आणि उत्तम वक्ता कोणत्याही बाजूने पारितोषिक मिळवू शकतो. परंतु हाच प्रश्न स्पर्धेच्या व्यासपीठावरून निवडणुकीच्या व्यासपीठावर जातो, तेव्हा त्याचे रूप पालटते. तेथे टाळ्यांचे रूपांतर मतांत होते, मतांचे सत्तेत होते आणि त्या सत्तेच्या एका स्वाक्षरीवर कुणाचा तरी प्राण अवलंबून असतो. म्हणून देहान्त शासन योग्य की अयोग्य, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असा दुसरा प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे : राष्ट्रीय निवडणुकीत या विषयाची चर्चा कशी व्हावी, आणि मतदाराने पक्षांकडून व उमेदवारांकडून नेमके काय विचारून घ्यावे?

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण फ्रान्सचे आहे. त्या देशात १९८१ पर्यंत गिलोटिनने शिरच्छेद करण्याची शिक्षा कायद्यात होती. खालच्या सभागृहाने १९०८ साली या विषयावर दीर्घ चर्चा करून ती कायम ठेवली होती. त्यानंतर तिचा वापर हळूहळू विरळ झाला, तरी तो थांबला नव्हता. जिस्कार द'एस्तँ हे १९७४ साली राष्ट्राध्यक्ष झाले. या शिक्षेविषयी आपल्याला मनस्वी तिटकारा असल्याचे त्यांनी सांगितले होते. तथापि त्यांच्याच कारकिर्दीत तीन शिरच्छेद झाले. त्यांपैकी शेवटचा १० सप्टेंबर १९७७ रोजी मार्सेय येथील तुरुंगात झाला. फ्रान्समध्ये प्रत्येक देहान्त शिक्षेचे प्रकरण दयेच्या निर्णयासाठी राष्ट्राध्यक्षांकडे जात असे. म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला या विषयावरचे मत विचारणे हा केवळ कुतूहलाचा भाग नव्हता. तो निवडून आल्यास स्वतः काय करणार, हेच त्यातून विचारले जात होते.

१९८१ च्या निवडणुकीत जिस्कार यांच्यासमोर समाजवादी पक्षाचे फ्रान्स्वा मित्तराँ उभे होते. पहिल्या फेरीच्या मतदानास जेमतेम सहा आठवडे उरले असताना, १६ मार्च १९८१ रोजी, दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत मित्तराँ यांना हा प्रश्न विचारला गेला. जनमत चाचण्यांत दर दहांपैकी सहांहून अधिक फ्रेंच नागरिक शिक्षा कायम राहावी अशा मताचे आढळत होते, आणि मित्तराँ यांना हे पुरते ठाऊक होते. त्यांनी आडवळण घेतले नाही. बहुमत आपल्या विरुद्ध आहे हे मान्य करून त्यांनी सांगितले की, आपण सदसद्विवेकाला स्मरून या शिक्षेच्या विरोधात आहोत आणि जे वाटते ते सांगत आहोत. १० मे रोजी ते ५१.७६ टक्के मते मिळवून निवडून आले.

या घटनेला साधुत्वाचा मुलामा देण्याचे मात्र कारण नाही. हेच मित्तराँ १९५६–५७ मध्ये न्यायमंत्री होते, आणि अल्जीरियातील युद्धाच्या त्या काळात तेथील अनेक स्वातंत्र्यसैनिकांचे शिरच्छेद झाले होते. राजकारणी पुरुषाचे मत बदलते. कधी विचाराने, कधी वयाने, तर कधी परिस्थितीने. मतदाराच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, १९८१ साली त्यांनी आपले मत मतदानापूर्वी उघड केले आणि मतदानानंतर ते पाळले. पदग्रहणानंतर काही दिवसांतच त्यांनी शिक्षेची वाट पाहणाऱ्या एका तरुण कैद्याला जीवदान दिले. त्या कैद्याने पुढे तुरुंगात अध्ययन करून मध्ययुगीन इतिहासात डॉक्टरेट मिळवली.

नव्या सरकारात रोबेर बादँतेर हे न्यायमंत्री झाले. व्यवसायाने ते वकील. तुरुंगात ओलीस ठेवलेल्यांच्या हत्येच्या खटल्यात त्यांच्या अशिलाने स्वतः खून केला नव्हता, हे न्यायालयानेच मान्य केले होते. तरी १९७२ साली त्याचा शिरच्छेद झाला आणि बादँतेर त्या वेळी तेथे उपस्थित होते. त्या पहाटेनंतर हा विषय त्यांनी जन्मभर सोडला नाही. १७ सप्टेंबर १९८१ रोजी त्यांनी राष्ट्रीय सभेत विधेयक मांडले. दुसऱ्या दिवशी ते ३६३ विरुद्ध ११७ मतांनी संमत झाले, आणि ९ ऑक्टोबरला कायदा अमलात आला. येथे एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. विरोधी बाकांवरील काही सदस्यांनीही विधेयकाच्या बाजूने मत दिले आणि त्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जाक शिराक होते. शिराक यांच्याच कारकिर्दीत, २००७ साली, देहान्त शासनाची मनाई फ्रान्सच्या संविधानात दाखल झाली. एका पक्षाने प्रचारात उचललेला मुद्दा अशा रीतीने दोन्ही पक्षांचा झाला.

आता याच्या उलट चित्र पाहू. अमेरिकेत १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार मायकेल ड्युकाकिस हे देहान्त शासनाचे विरोधक होते. १३ ऑक्टोबर १९८८ रोजी लॉस एंजल्स येथे झालेल्या वादसभेत सूत्रसंचालक पत्रकाराने पहिलाच प्रश्न केला : आपल्या पत्नीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तर खुन्याला देहान्त शिक्षा व्हावी असे आपण म्हणाल काय? ड्युकाकिस यांनी शांतपणे नकार दिला, ही शिक्षा गुन्ह्यांना आळा घालते असा पुरावा नाही असे सांगितले, आणि ते अमली पदार्थांच्या प्रश्नाकडे वळले. उत्तर त्यांच्या मतांशी सुसंगत होते. परंतु ते कोरडे, भावनाशून्य ठरले. ड्युकाकिस पराभूत झाले. एका उत्तराने निवडणूक ठरली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, तथापि पुढच्या उमेदवारांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. १९९२ च्या जानेवारीत, प्रचार ऐन भरात असताना, अर्कान्सासचे गव्हर्नर बिल क्लिंटन एका देहान्त शिक्षेच्या वेळी आपल्या राज्यात परतले आणि त्यांनी ती थांबवली नाही. त्या कैद्याच्या मेंदूला गंभीर इजा झालेली होती.

या दोन प्रसंगांतील भेद आपण नीट समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत खुनाचे बहुतेक खटले घटक राज्यांच्या कायद्याखाली चालतात आणि तेथे दयेचा अधिकार राज्यांच्या यंत्रणेकडे असतो. केंद्रीय कायद्याखाली १९६३ नंतर १९८८ पर्यंत एकही देहान्त शिक्षा अमलात आली नव्हती. म्हणजे ड्युकाकिस ज्या पदासाठी उभे होते, त्या पदाचा या प्रश्नाशी संबंध अगदी थोडा होता. त्यांना विचारलेल्या प्रश्नातून धोरण कळणार नव्हते, माणूस किती ‘खंबीर’ आहे याची परीक्षा घेतली जात होती. शिवाय, पत्नीच्या खुनाने व्याकूळ झालेल्या पतीला काय वाटेल, यावरून देशाचा कायदा ठरवायचा नसतो. म्हणून तर फिर्यादी आणि न्यायाधीश या दोन भूमिका आपण एका माणसाकडे देत नाही.

तिसरा मार्ग ब्रिटनचा. तेथे या विषयावर पक्षादेश काढायचा नाही, प्रत्येक सदस्याने विवेकानुसार मत द्यावे, असा संकेत रुजला. टिमथी एव्हान्स यांना १९५० साली फाशी झाली. ज्या घरात ते राहत होते त्याच घरातील दुसरा भाडेकरू अनेक खुनांचा कर्ता असल्याचे १९५३ मध्ये उघडकीस आले, आणि १९६६ साली एव्हान्स यांना मरणोत्तर माफी मिळाली. अशा प्रकरणांनी जनमानस हलले. मजूर पक्षाचे खासदार सिडनी सिल्व्हरमन यांच्या विधेयकाने १९६५ साली खुनासाठीची फाशी पाच वर्षांकरिता स्थगित झाली आणि १९६९ च्या डिसेंबरात संसदेने ती कायमची रद्द केली.

मधल्या काळात, १९६६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, सिल्व्हरमन यांच्याच मतदारसंघात फाशीच्या समर्थनार्थ एक अपक्ष उमेदवार उभा राहिला. त्याच्या नात्यातील एका बालिकेचा अमानुष खून नुकताच उघडकीस आला होता. त्याला पाच हजारांहून अधिक मते मिळाली. सिल्व्हरमन निवडून आले, पण त्या पाच हजार मतांमागील वेदना खोटी नव्हती. देहान्त शासनाच्या विरोधकांना या वेदनेपुढे नुसती आकडेवारी ठेवून चालत नाही. तपास, खटला, पीडित कुटुंबाचा आधार यांविषयी आपण काय करणार, हे सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर अधिकच येते.

पुढे १९७९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने या विषयावर सभागृहात मुक्त मतदान घेण्याचे आश्वासन दिले. पंतप्रधान थॅचर स्वतः फाशीच्या बाजूच्या होत्या. मतदान झाले, आणि ३६२ विरुद्ध २४३ मतांनी फाशी परत आणण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला. १९८३ मध्ये हुजूर पक्षाचे बहुमत फार मोठे असतानाही तसेच घडले. पक्षाने निर्णयाचे आश्वासन दिले नव्हते, चर्चेचे दिले होते आणि ते पाळले. ज्यांना हा निर्णय पटला नाही, त्यांनाही आपली बाजू रीतसर ऐकली गेली, असे म्हणता आले.

आता आपल्या घराकडे वळू. गोव्यातल्या श्रोत्यांना एक गोष्ट ठाऊक असावी. पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठीचे देहान्त शासन १८६७ साली रद्द केले आणि १८७० मध्ये ते सागरापलीकडील प्रदेशांनाही लागू केले. ही सुधारणा युरोपात अग्रगण्य मानली गेली. मुक्तीनंतर येथे भारतीय दंडसंहिता आली, आणि तिच्यासोबत फाशीही कायद्यात आली. परंतु एवढ्यावरून त्या राजवटीला दयाळू ठरवण्याची घाई कुणी करू नये. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणारी राजवट तीच होती. ग्रंथातील कायदा सौम्य असला म्हणजे राज्य सौम्य असतेच असे नाही, हे आपल्या भूमीनेच आपल्याला शिकवले आहे.

भारताच्या राजकारणात हा विषय पक्षधोरण म्हणून फार पूर्वी आला होता. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना २३ मार्च १९३१ रोजी फाशी झाली. त्यानंतर काही दिवसांतच कराची येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात देहान्त शासन नसावे असे कलम होते. संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी, फौजदारी अपिलांच्या चर्चेच्या ओघात, ही शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल असे मत मांडले. तरीही स्वतंत्र भारतात ती कायम राहिली. जो संकोच झाला तो प्रचारसभांतून झाला नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशी देताना विशेष कारणे नोंदवणे आवश्यक केले, आणि १९८० साली बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘विरळातील विरळ’ प्रकरणाची कसोटी घालून दिली. विधी आयोगाने १९६७ च्या अहवालात शिक्षा ठेवावी असे म्हटले होते. २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवादाचे गुन्हे वगळता ती रद्द करावी अशी शिफारस केली. संसदेने मात्र २०१३ आणि २०१८ च्या दुरुस्त्यांनी लैंगिक अत्याचाराच्या काही गुन्ह्यांत ती नव्याने घातली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. आयोग एका दिशेने आणि विधिमंडळ दुसऱ्या दिशेने चालले, याचे कारण विधिमंडळाला मते मागावी लागतात.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर मी या शिक्षेच्या विरोधात आहे. कारण चुकीची कैद अंशतः भरून देता येते, चुकीची फाशी येत नाही. पण माझ्या मताशी आपण सहमत व्हावे यासाठी हे व्याख्यान नाही. निवडणुकीत हा विषय निघाला, तर आपण तीन गोष्टी विचाराव्यात एवढीच माझी विनंती आहे. पहिली, या उमेदवाराच्या हाती नेमका कोणता अधिकार येणार आहे? खासदार कायदा करतो, शिक्षा न्यायालय देते, आणि दयेच्या अर्जावर राष्ट्रपती वा राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात. ‘मी अमुक आरोपीला फाशी देईन’ असे सांगणारा उमेदवार आपल्याकडे नसलेला अधिकार विकत असतो. दुसरी, पक्षाचे धोरण जाहीरनाम्यात लेखी आहे काय, आणि सभागृहात सदस्यांना विवेकाने मत देण्याची मोकळीक मिळेल काय? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेश मोडणाऱ्याची जागा धोक्यात येते. तेव्हा ही मोकळीक पक्षानेच द्यावी लागेल. तिसरी, शिक्षा ठेवणाऱ्याने चूक टाळण्यासाठी काय करणार ते सांगावे, आणि रद्द करणाऱ्याने मृताच्या कुटुंबासाठी काय करणार ते सांगावे.

विद्यार्थिमित्रहो, स्पर्धेत आपल्या वाट्याला जी बाजू येईल ती आपण तयारीने मांडता, हे उत्तम शिक्षण आहे. त्यातील अधिक मोलाचा भाग असा की, बोलण्यापूर्वी आपल्याला दुसरी बाजूही अभ्यासावी लागते. मतदार झाल्यावर तेवढी सवय सोडू नका. या शाळेने आपल्या सर्वांना ती लावली, आणि ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज जमलो आहोत त्यांचे ऋण त्यातच आहे.