मूळ शोधताना

परवा विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्याने सातवीच्या वर्गावर गेलो होतो. एका मुलीने विचारले, "सर, माझे आजोबा २०२१ मध्ये करोनाने गेले. तो विषाणू आला तरी कुठून?" वर्ग स्तब्ध झाला. अशा प्रश्नाला ऐकीव उत्तर देणे हे शिक्षकाला शोभणारे नव्हे.

डिसेंबर २०१९ मध्ये चीनमधील वुहान शहरी हा रोग प्रथम लक्षात आला. रुग्णालयात दाखल झालेल्या पहिल्या ४१ रुग्णांपैकी २७ जणांचा हुआनान बाजाराशी संबंध आला होता. तेथे मासळीबरोबर जिवंत वन्य प्राणीही विकले जात. २०२२ साली संशोधकांनी त्या डिसेंबरातील रुग्णांची घरे नकाशावर मांडली. तेव्हा बाजारात कधी न गेलेल्यांची घरेही त्याच्याच आसपास एकवटलेली दिसली. बाजारातून गोळा केलेल्या काही नमुन्यांत तर विषाणूबरोबरच रॅकून डॉग या कोल्ह्याच्या कुळातील प्राण्याचे जनुकीय अंश आढळले.

तथापि हा पुरावा परिस्थितिजन्य आहे. १ जानेवारी २०२० रोजी बाजार बंद झाला आणि संशयित जिवंत प्राण्यांची तपासणी राहूनच गेली. शिवाय त्याच शहरात वटवाघळांतील विषाणूंचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तेथून तो अपघाताने निसटला असावा, असा दुसरा तर्क आहे. त्याला थेट पुरावा मिळालेला नाही. पण तो निकालात काढण्यास आवश्यक ती सर्व माहितीही चीनने दिलेली नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने जून २०२५ मध्ये पुराव्याचा कल प्राण्यांकडे असल्याचे सांगूनही अंतिम निर्णय दिला नाही.

असा शोध धीराचा असतो. २००२ साली दक्षिण चीनमध्ये उद्भवलेल्या सार्सचा विषाणू पुढच्याच वर्षी बाजारातील उदमांजरांत सापडला; परंतु त्याचे सारे जनुकीय घटक युन्नानमधील एका गुहेतल्या वटवाघळांत आढळल्याचे जाहीर होण्यास २०१७ साल उजाडले.

मी त्या मुलीला म्हणालो, "बाळ, बहुधा प्राण्यांकडून. निश्चित अद्याप ठरलेले नाही." तिचे समाधान झाले नसावे. पण वाचकहो, मूळ चुकीचे धरले तर पुढच्या साथीचा बंदोबस्तही चुकीच्या दारी होईल. घरी मुलांनी असेच विचारले, तर एखाद्यावर दोष ठेवून मोकळे होण्यापेक्षा किती कळले आहे आणि किती कळायचे आहे, हे दोन्ही त्यांना सांगावे.