बाभुळगावच्या काळ्या मातीत ब्लॉकची भिंत

नाल्याकाठी तयार काँक्रीट ब्लॉक रचून भिंत घालणार असाल, तर आधी ती सरकेल का याचा हिशोब करा. 2 मीटर उंच भिंतीला मागचा कोरडा मुरूम दर मीटर लांबीत साधारण 1.2 टन जोराने ढकलतो. ब्लॉक 60 सेंटीमीटर रुंद असतील तर वजन 2.9 टन. तळाचं घर्षण त्याच्या निम्मं धरलं तर रोध 1.45 टन, म्हणजे जेमतेम 1.2 पट. निदान दीडपट हवा! रुंदी 80 सेंटीमीटर केली की 1.6 पट मिळतो.

खरा वैरी मात्र पाणी. मागे काठोकाठ तुंबलं की हाच जोर दुपटीवर जातो. आणि बेंबळेच्या खोऱ्यातली आपली काळी कपाशीची माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती भिंतीमागे भरूच नका, कितीही फुकट मिळो. मागे गिट्टीचा पट्टा, त्याच्या तळाशी छिद्रांचा पाइप, आणि पाया काळी माती काढून घट्ट मुरमावर. सर्वांत खालचा थर जमिनीत पुरा. ब्लॉकना खाच-उंचवटा असला तरी सरकण्याची हीच तपासणी प्रत्येक थराच्या सांध्यावर करून घ्या.